नवरदेव मांडीवर

नेपाळातल्या पाटणात, आमच्या टोलात म्हणजे आळीत येऊन पूर्णशोभा चित्रकार कुठे राहतात असं विचारलंत तर लोक डोकं खाजवतील. निनिचं घर विचारा, शेंबडं पोरसुद्धा दारापर्यंत आणून सोडेल. निनि म्हणजे आत्या. तशी ती भावाच्या दोन मुलांचीच आत्या, पण माहेरी परत येऊन राहिलेल्या बाईला कुठल्या तरी नात्यात बसवल्याशिवाय आम्हा पाटणच्या लोकांना घास उतरत नाही. म्हणून ती सगळ्यांचीच निनि झाली. माझ्या आईची निनि, माझी निनि, आणि मी शाळेत ज्यांना इंग्रजी शिकवते त्या पोरांचीही निनि.

ती परत कशी आली ते टोलात सगळ्यांना पाठ आहे. तिला भक्तपूरला दिली होती. नवरा चांगला होता असं ती अजून म्हणते. तो ट्रकखाली गेला. दिवसकार्य उरकल्यावर सासूने पांढरी साडी आणून तिच्या पुढ्यात ठेवली.

"ही कुणाला?" निनिने विचारलं.

"तुला. नवरा गेला ना तुझा."

"एक गेला. एक आहे अजून."

आणि तिने पेटीतून आपलं बेलफळ काढून साडीवर ठेवलं.

आता यात नवं काहीच नव्हतं. आम्हा नेवारांत प्रत्येक मुलीचं लहानपणी बेलाशी लग्न लावतात, त्याला इही म्हणतात. बेल म्हणजे देव. देवाला मरण नाही, म्हणजे पोर जन्मभर सवाष्ण. पुढे माणसाशी होतं ते दुसरं लग्न. हे प्रत्येक आजी नातीला मांडीवर घेऊन सांगते, आणि सून विधवा झाली की तीच आजी पांढरी साडी काढते.

सासूही तेच म्हणाली. "अगं, ते नुसतं म्हणायचं असतं."

"नुसतं म्हणायचं होतं तर मला सात वर्षांची असताना दिवसभर उपाशी का बसवलं होतं?"

निनि त्याच संध्याकाळी लाल साडी नेसून, बांगड्या भरलेल्या हातात पेटी घेऊन भर बाजारातून चालत निघाली. मागच्या गल्लीने जा, असं दीर सांगत होता. ती मुद्दाम देवळापुढून गेली. पाटणात बापाने दार उघडलं. त्याचा फोटो स्टुडिओ होता. चित्रकार जातीच्या लोकांनी पिढ्यान्पिढ्या देव रंगवले आणि कॅमेरा आल्यावर माणसं काढायला लागले. "रसायनाचा वास सोसेल का?" एवढंच बापाने विचारलं आणि तिला अंधाऱ्या खोलीत कामाला लावलं.

पुढे बाप गेला, भाऊ कतारला गेला, स्टुडिओ निनिकडे राहिला. मोबाईल आल्यावर गिऱ्हाईक आटलं. पासपोर्टचे फोटो तेवढे उरले. आखातात आणि मलेशियात जाणारी पोरं तिच्या पडद्यासमोर येऊन बसतात आणि निनि त्यांच्यावर ओरडते, "मान सरळ! तिकडे जाऊन खाली घालायचीच आहे, इथे तरी ताठ ठेव!" पोरं दचकून ताठ होतात. त्यांचे फोटो म्हणून फार चांगले येतात.

अशा बाईच्या स्टुडिओत एक दिवस किर्स्टन आली. डेन्मार्कची, उंच, भली बाई. भली हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे जे झालं ते वाईट माणसांमुळे झालं नाही. वाईट माणसाशी भांडायला सोपं जातं. किर्स्टनच्या संस्थेने टोलातल्या मुलांसाठी छोटे कॅमेरे आणले होते, आणि मुलांना शिकवायला कोणीतरी हवं होतं. निनि शिकवायला लागली, म्हणजे ओरडायला लागली. "काय काढलंस? भिंत? भिंतीने तुझं काय बिघडवलं होतं?" तिचा एकच कायदा होता. ज्याने फोटो काढला त्यानेच त्याचं बारसं करायचं. दुसऱ्या कुणी नाव सुचवलं तर निनि त्याच्या पाठीत धपाटा घालायची. मोठ्यांच्यासुद्धा. मी एकदा खाल्लेला आहे.

त्या मुलांत लुमन्ती होती. अकरा वर्षांची, कमी बोलणारी, जीभ दातांखाली धरून फोटो काढणारी. तिच्या धाकट्या बहिणीची, पलिस्थाची इही झाली तेव्हा लुमन्तीने एक फोटो काढला. लाल-सोनेरी झग्यात, कपाळभर सिंदूर माखलेली सात वर्षांची पोर, डोळ्यांत टचकन पाणी, आणि तिच्या खांद्यावर एक जाडजूड पुरुषी हात. मांडीवर लाल कापडाचा ढीग आणि त्या ढिगातून जेमतेम डोकावणारं बेलफळ. हात बापाचा होता. पलिस्थाला जोराची लागली होती, गुरुजूंचे, म्हणजे आमच्या भटजींचे, मंत्र संपत नव्हते, आणि बाप तिला दाबून म्हणत होता, "बस गं, झालंच आता." लुमन्तीने फोटोच्या पाठीवर लिहिलं, 'पलिस्थाचं लग्न. नवरदेव मांडीवर आहे.' मी त्याचं इंग्रजी करून दिलं आणि सगळे फोटो डेन्मार्कला गेले.

काही महिन्यांनी निरोप आला, ऑर्हुस शहरात प्रदर्शन भरणार आहे आणि लुमन्तीचा फोटो सगळ्यांत पुढे असणार आहे. उद्घाटनाला तिने यावं. तिची आई म्हणाली, निनि जात असेल तर पाठवते. निनि म्हणाली, मास्तरीण येत असेल तर जाते, मला तिकडची जीभ नाही. मी शाळेतून रजा काढली. निघताना माझ्या आईने तिघींच्या हातांत शकुनाचं म्हणून उकडलेलं अंडं दिलं आणि निनिला आयलाचा, म्हणजे घरच्या दारूचा, एक घोट. निनिने दोन घेतले.

"दुसरा कशाला?" आई म्हणाली.

"परतीचा," निनि म्हणाली.

ऑर्हुसला उतरलो तेव्हा जून होता आणि संध्याकाळी ऊन मावळायचं नावच घेत नव्हतं. किर्स्टन न्यायला आली होती. स्टेशनच्या बाहेर भिंतीवर पुरुषभर उंचीची पलिस्था होती. लुमन्ती धावत गेली. मी मागून पोचेपर्यंत तिने खालच्या इंग्रजी ओळीवर बोट फिरवलं होतं.

"मिस, हसबंड म्हणजे नवराच ना?"

"हो. का गं?"

"मग हा तर आमच्या बाचा हात आहे."

मी वाचलं. वर डॅनिशमध्ये काहीतरी, खाली इंग्रजीत: बालवधू, वय सात, पतीसोबत. नेपाळ.

निनि पिशव्या घेऊन मागून येत होती. तिला अक्षरं कळत नव्हती, पण माझं तोंड कळत होतं. "काय लिहिलंय? सांग. चाळण लावू नकोस."

मी सांगितलं. निनिने पिशव्या रस्त्यावर ठेवल्या. मला वाटलं आता ओरडेल. ती ओरडली नाही, तेव्हा मी जास्त घाबरले.

"विचार तिला," ती किर्स्टनकडे बघत म्हणाली, "हे बारसं कुणी केलं?"

किर्स्टनला आधी कळलंच नाही काय बिघडलं. मग तिने सांगितलं, की मुलीचं वाक्य मजेशीर होतं, नवरदेव मांडीवर आहे. इथल्या लोकांना वाटलं, भाषांतरात चूक झाली असणार. नवरा कुणाच्या मांडीवर कसा बसेल? हात तर दिसतोच आहे. म्हणून त्यांनी वाक्य दुरुस्त केलं. म्हणजे माझं इंग्रजी सुधारून दिलं! वीस वर्षं मी पोरांच्या वह्यांत लाल रेघा मारते आहे, आणि माझ्या एका बरोबर वाक्यावर कुणीतरी इथे बसून रेघ मारली आणि एका बापाला स्वतःच्या लेकीचा नवरा करून टाकलं.

मी किर्स्टनला बेलाची गोष्ट सांगितली. ती तिथेच लुमन्तीसमोर गुडघ्यावर बसली आणि रडली. लुमन्तीला काय करावं कळेना, तिने किर्स्टनच्या केसांवरून हात फिरवला. त्या रात्री आम्ही जेवलो नाही. पिशवीतले चिउरा, म्हणजे पोहे, आणि भटमास, म्हणजे भाजलेलं सोयाबीन, तसेच राहिले.

सकाळी किर्स्टन आली ती निर्णय घेऊनच. संस्थेच्या अध्यक्ष इंगरबाई, त्यांच्याशी बोलणं झालं होतं. पोस्टर आजच उतरवणार. पुस्तिका छापून झाली आहे, पण तीही वाटणार नाहीत. आणि फोटो भिंतीवरून काढणार. वाद नको, कुणाच्या भावना दुखवायला नकोत. त्या जागी लुमन्तीचाच दुसरा फोटो लावू, कोंबड्यांचा.

"बघ," मी निनिला म्हणाले, "माणसं चांगली आहेत. चूक कबूल केली. फोटो काढतायत. आता सोडून दे."

"काय सोडून देऊ?"

"अगं, खोटं गेलं ना?"

"खोटं कुठे गेलं, मास्तरीणबाई? शहराने बघून घेतलं. आता फोटो काढला तर लोक काय म्हणतील? बिचाऱ्या पोरीचं काहीतरी होतं, म्हणून झाकलं. चूक ह्यांनी करायची आणि तोंड लपवायचं पलिस्थाने?"

"पण निनि, पुढच्या वर्षीचं काय? कॅमेरे त्यांचे आहेत. बारा पोरं आहेत."

"कॅमेरे घेऊन जा म्हणावं. पोरं डोळ्यांनी बघतील."

"तू हट्टाला पेटलीस म्हणजे..."

"हट्ट नाही गं." ती एकदम खालच्या आवाजात बोलली. "तू शिकलेली बाई. तुझ्याकडे बोलायला लाख गोष्टी. तिच्याकडे एक फोटो आहे. तो तिने नाव ठेवून पाठवला. तो त्याच नावाने भिंतीवर लागेल, नाहीतर मी इथून हलणार नाही."

लुमन्ती पलंगाच्या कडेला बसून हे ऐकत होती. तिने विचारलं, "माझ्या कोंबड्यांचं नाव काय ठेवलंय त्यांनी?"

मी मोबाईलवर प्रदर्शनाची यादी बघितली. नेपाळमधली सकाळ.

"दुपार होती," लुमन्ती म्हणाली. "आणि नाव होतं, 'ही लंगडी ती चोर.'"

त्या दोन वाक्यांनी मला जी लाज वाटली ती शब्दांत सांगता येणार नाही. तरी मी मनात धरून होते, की संध्याकाळ कशीतरी निभेल. मास्तरकीने माणूस असाच होतो. वर्ग शांत आहे ना, मग सगळं ठीक.

उद्घाटनाला निनि हाकुपटासी नेसली, आमची काळी, लाल काठाची साडी. कपाळावर लाल टिकली, हात भरून बांगड्या. लुमन्तीला तिने इस्त्री केलेला फ्रॉक घातला आणि वेणी इतकी घट्ट घातली की पोरीचे डोळे वर ओढले गेले. दालन पांढरंशुभ्र होतं. लोक हातात वाईनचे पेले घेऊन उभे होते आणि ताटांत चीजचे तुकडे काडीला टोचून ठेवले होते. निनिने एक तोंडात टाकला. "साबण," ती म्हणाली, पण गिळला.

समोरच्या मोठ्या भिंतीवर, जिथे पलिस्था असायला हवी होती, तिथे कोंबड्या होत्या. पलिस्थाच्या चौकटीची जागा जास्त मोठी होती, त्यामुळे कोंबड्यांच्या चारी बाजूंनी भिंत उघडी पडली होती. लुमन्तीने एकदा तिकडे बघितलं आणि मग बुटांकडे बघत राहिली. मी तिचा हात धरला.

इंगरबाई बोलल्या. चांगलं बोलल्या. मग किर्स्टन बोलायला उभी राहिली. तिने मुलांचं कौतुक केलं, लुमन्तीला पुढे बोलावलं, टाळ्या झाल्या. मग ती निनिकडे वळली आणि म्हणाली, ही स्त्री नसती तर यातलं काहीच झालं नसतं. तरुणपणी विधवा झालेल्या या बाईने...

मी भाषांतर करत करत निनिच्या कानाशी होते. त्या शब्दाला मी थांबले.

"काय म्हणाली?"

"तुझं कौतुक करते आहे."

"कौतुकाला तू अशी अडखळत नाहीस. काय म्हणाली?"

मी सांगितलं.

निनि उठली. मला हाताला धरून उठवलं. "चल. मी बोलते तसंच सांगायचं. साखर घालायची नाही."

ती भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. किर्स्टनला वाटलं आभार मानायचे असतील, तिने हसून ध्वनिक्षेपक पुढे केला. निनिने तो बाजूला सारला. पासपोर्टवाल्या पोरांवर ओरडणाऱ्या बाईला त्याची गरज नव्हती.

"मी पूर्णशोभा," ती म्हणाली. "काल संध्याकाळी इथे आले. तेवढ्यात तुम्ही माझ्या टोलातल्या एका लहान पोरीला बायको केलंत, तिच्या बापाला तिचा नवरा केलंत, आणि आता मला विधवा केलंत. आमच्याकडचा ब्राह्मणसुद्धा इतक्या लवकर इतकी कामं उरकत नाही."

मी सांगितलं. साखर घातली नाही. कोणीतरी खुदकन हसलं आणि गप्प झालं.

"त्या पोरीचा नवरा आणि माझा नवरा एकच आहे. हिचासुद्धा तोच." तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "आम्हा सगळ्यांचा तोच. तो फळ आहे. झाडाला लागतो. तो मारत नाही, दारू पीत नाही, मरत नाही. माझ्या सासूने मला पांढरं नेसवायला बघितलं तेव्हा त्या घरात माझ्या बाजूने तो एकटाच होता. म्हणून मी विधवा नाही. कुणाला माझी कीव करायची असेल तर माझ्या गुडघ्यांची करा, ते दुखतात."

आता हसू जास्त मोठं आलं. निनिने ते संपू दिलं.

"हसा. आम्हीपण हसतो त्याच्यावर. पण हसायचं तर त्याला बघून हसा. तो मागच्या खोलीत आहे, भिंतीकडे तोंड करून; येताना चौकट बघितली मी. लुमन्ती, चल."

आणि त्या दोघी मागच्या खोलीकडे चालायला लागल्या. दाराशी संस्थेचा एक तरुण उभा होता. त्याने किर्स्टनकडे बघितलं. किर्स्टन तोंडावर हात ठेवून उभी होती. तिने मानेने हो केलं की नाही, मला आजही नक्की सांगता येणार नाही, पण तो बाजूला झाला. चौकट जड होती. एका बाजूने साठी उलटलेली बाई आणि दुसऱ्या बाजूने अकरा वर्षांची पोर, अशी ती पाहुण्यांच्या मधून आली. लोक पेले वर धरून वाट देत होते. मध्येच लुमन्तीचा हात सुटायला आला, मी धावले, तर निनि खेकसली, "तू नको! तिला धरू दे!"

निनिने कोंबड्या उतरवल्या. ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांत जवळ इंगरबाई होत्या, तिने चौकट त्यांच्याच हातात दिली. "धरा जरा." हे मी भाषांतर केलंच नाही, गरजच पडली नाही. अध्यक्षबाई पुढचा सगळा वेळ कोंबड्या छातीशी धरून उभ्या होत्या. पलिस्था खिळ्यांवर बसली. खाली, जिथे जुनी पाटी उपटली होती, तिथे गोंदाचा डाग होता.

दारापाशी पाहुण्यांनी नावं लिहावीत म्हणून जाड काळं पेन ठेवलं होतं. निनिने ते आणून लुमन्तीला दिलं.

"बारसं कर."

लुमन्तीने माझ्याकडे बघितलं. इतक्या पांढऱ्या, इतक्या महागड्या भिंतीवर लिहायचं? मी शाळेत भिंतीवर लिहिणाऱ्यांना अंगठे धरून उभं करते, हे तिला माहीत होतं. मी मान हलवली. तिने जीभ दातांखाली धरली आणि आमच्या भाषेत, आमच्या अक्षरांत, गोंदाच्या डागावरून सरळ लिहिलं: पलिस्थाचं लग्न. नवरदेव मांडीवर आहे.

मी मोठ्याने त्याचं इंग्रजी सांगितलं. तेच, पहिलं, माझं बरोबर असलेलं.

आणि मग ते सगळं दालन वाकलं. खरंच वाकलं. चष्मे लावून, पेले खाली ठेवून, ती उंचीपुरी माणसं फोटोसमोर गर्दी करून नवरदेव शोधायला लागली. लुमन्तीने बोट ठेवून दाखवला. एक म्हातारे गृहस्थ तिला म्हणाले, पण ती रडते का आहे? माझी वाट न बघता लुमन्तीने स्वतःच्या इंग्रजीत सांगितलं, "शी वॉन्टेड टॉयलेट."

त्या हसण्याने काचा हादरल्या. आदल्या दिवशीपर्यंत पलिस्थाला बघून शहर हळहळत होतं. आता शहर तिच्यासारख्या कुठल्याही सात वर्षांच्या पोरीला हसतं तसं हसत होतं. मला रडू आलं. आनंदाचंच होतं, आणि रागाचं. इतकी साधी गोष्ट मिळवायला माणसाला सातासमुद्रापार येऊन चौकटी वाहाव्या लागतात!

मी समजले, झालं. जिंकलो. पण संस्था म्हणजे संस्था. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दालनात गेलो तर फोटो होता, सरळ, नीट टांगलेला. खालची भिंत मात्र ओल्या पांढऱ्या रंगाने चकचकत होती आणि तिच्यावर एक सुबक छापील पाटी होती. मी वाचून दाखवली: नेवार समाजातील एक पारंपरिक विधी.

किर्स्टन तिथेच होती. म्हणाली, यात आता चुकीचं काही नाही ना? शब्दकोशात बघून लिहिलं आहे. कुणाचा अपमान नाही.

खरंच नव्हता. मी वाक्य उलटसुलट करून बघितलं, चूक सापडेना. निनिकडे बघितलं तर ती भिंतीला टेकून गुडघा चोळत होती. मला वाटलं थकली. आता बोलायचं माझ्यावर आलं, आणि मी शब्द जुळवू लागले.

तेवढ्यात लुमन्ती पुढे झाली. तिने पाटीच्या एका कोपऱ्यात नख घातलं आणि पाटी सोलली, संत्र्याची साल काढतात तशी, सावकाश, न फाडता. ती किर्स्टनच्या हातात दिली. पेन तिच्या फ्रॉकच्या खिशात होतं. कालपासून होतं. ओल्या रंगावर शाई नीट बसेना, अक्षरं पसरायला लागली, तेव्हा तिने आणखी मोठी अक्षरं काढली, दोन्ही हातांनी पेन दाबून, कालच्यापेक्षा दुप्पट मोठी.

"विधीला नाव नसतं," ती किर्स्टनला म्हणाली. "माझ्या बहिणीला आहे."

हे मी भाषांतर केलं. किर्स्टनने त्या पसरलेल्या अक्षरांकडे बघितलं. रंगाचा डबा अजून कोपऱ्यात होता, वर ब्रश आडवा ठेवलेला. मग तिने लुमन्तीपुढे हात केला. लुमन्तीने पेन घट्ट धरलं, द्यावं की नाही अशी निनिकडे बघू लागली. निनि म्हणाली, "बघू तरी काय लिहिते."

किर्स्टन खाली बसली. आमच्या अक्षरांखाली तिने तिच्या भाषेत लिहायला सुरुवात केली, तिच्याच हाताने, छापील नाही. लुमन्ती तिच्या खांद्यावरून वाकून प्रत्येक अक्षरावर नजर ठेवून होती. तिला एकही कळत नव्हतं.

"मिस, विचारा ना तिला," ती म्हणाली. "सगळं लिहिलं का?"

मी विचारलं. किर्स्टनने आणखी दोन शब्द लिहिले आणि वर बघितलं.

"सगळं," ती म्हणाली. "नवरदेवासकट."